तीन उंबरे

वृषालीचं पत्र आलं त्याला येत्या मार्गशीर्षात तीन वर्षं होतील. रेघांच्या कागदावर लिहिलेलं, दीड पान. माझा फोन नंबर तिच्याकडे होता. पण फोनवर मी 'बरं, बरं' म्हणत राहतो आणि पहिली संधी मिळाली की ठेवून देतो, हे माझ्या भाचीला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून तिनं लिहिलं असावं. आधी ख्यालीखुशाली, कऱ्हाडची थंडी, मुलाची नोकरी. मग शेवटी हे :

"मामा, आई हल्ली मला कधी ओळखते, कधी नाही. ओळखलं नाही तर 'बसा बाई' म्हणते, चहा घेणार का विचारते. ओळखलं की मात्र पहिलं वाक्य ठरलेलं, 'तू ते पत्र पेटीत टाकलं असतंस तर आजी अजून जगली असती.' बाकी सगळं विसरली, हे विसरत नाही. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. माझ्या आठवणीत मी ते पत्र टाकलंय. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आता मलाच वाटायला लागलंय की टाकलं नसेल. तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारते. आजीचं पत्र तुम्हाला खरंच मिळालं नव्हतं का?"

मी उत्तर दिलं नाही. लिहायला बसलोच नाही असं नाही. 'चि. सौ. वृषालीस अनेक आशीर्वाद' एवढं मी किती कागदांवर लिहिलं असेल, सांगता येणार नाही. पुढची ओळ येत नसे. मग कागद फाडायचा, तुकडे टोपलीत टाकायचे आणि वर वर्तमानपत्र टाकायचं. घरात माझे कागद कुणी बघत नाही, तरी.

आमचं घर इचलकरंजीत. वडील मागाच्या कारखान्यात जॉबर होते, माग दुरुस्त करायचे; त्यांनी बांधलेलं. एकापाठोपाठ एक तीन खोल्या : सोपा, माजघर, स्वयंपाकघर. मागं परसात न्हाणी आणि संडास. तिन्ही दारांना उंबरे. आईला काचबिंदूनं हळूहळू दिसेनासं झालं आणि सत्त्याहत्तर सालापासून पूर्ण अंधार झाला, पण घरी आलेल्या नवख्या माणसाला ते अर्धा अर्धा तास कळत नसे. भरलेला तांब्या घेऊन ती स्वयंपाकघरातून सोप्यापर्यंत सरळ यायची. वाटेत दोनदा पाऊल जरा उचलून टाकायची, इतकंच.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर माझ्या बायकोनं, शैलानं, घराचा विषय काढला.

"देसाईवहिनींनी मधली भिंत पाडली," ती म्हणाली. "आता हॉल म्हणतात त्याला. मधे कमान काढलीय. आणि एका भिंतीला तळ्याचं चित्र असलेला कागद, खालपासून वरपर्यंत. खुर्चीत बसलं की काश्मीरला गेल्यासारखं वाटतं."

"थंडी वाजते का?"

"तुम्हाला कुठं काय वाजतं? पुस्तकात तोंड घातलं की छप्पर उडालं तरी कळायचं नाही."

ते खरं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि घरातल्या कुठल्याही कामात माझा उपयोग नव्हता. खिळा ठोकायचा तर शेजारच्यांना बोलवावं लागे. पण त्याच आठवड्यात होम सायन्स विभागासाठी मागवलेलं एक इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर आलं. घराची रचना माणसांच्या गरजेप्रमाणे कशी बदलावी, असा विषय. त्यात म्हाताऱ्या आणि दृष्टी गेलेल्या माणसांवर एक पूर्ण प्रकरण होतं. अशी माणसं पडतात ती बहुतेक घरातल्या घरात; म्हणून उंबरे नकोत, चढउतार नको, न्हाणीघर खोलीला लागून हवं, भिंतीला धरायला दांडी हवी. आकृत्या फार सुरेख होत्या. मी ते प्रकरण दोनदा वाचलं आणि आलेखाच्या कागदावर आमच्या घराचा नकाशा काढला. सोपा आणि माजघराचा हॉल. परसातली जागा घेऊन स्वयंपाकघराला लागून आईची नवी खोली, तिला जोडून न्हाणीघर आणि संडास. सगळीकडे मोझॅकची सलग फरशी. एकही उंबरा नाही.

शैलानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही काढलंत हे?"

"हो."

"तुम्ही स्वतः?"

तिनं तो नकाशा देसाईवहिनींना नेऊन दाखवला. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि माझी कुठलीही गोष्ट तिनं कुणाला नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ होती.

डिसेंबरात आई दोन महिन्यांसाठी कऱ्हाडला गेली, माझ्या धाकट्या बहिणीकडे, कुमुदकडे. तिची पाठ फिरताच आम्ही काम काढलं. आईला काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. ती येईल तेव्हा सगळं तयार असेल.

गवंडी इराप्पा चिकोडीकडचा. पन्नाशीचा, डोक्याला कायम पंचा. त्यानं नकाशा पाहिला, मान डोलावली, मग पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर टेकला.

"कमान मारतो, सर. दांडी ठोकतो. फरशी आरशासारखी घोटून देतो. पण उंबरा काढायचा तर घरच्या मोठ्या बाईला इचारायला लागतंय."

"त्यांच्यासाठीच चाललंय सगळं," मी म्हणालो.

"त्येंच्यासाठी हाय, तर त्येंला म्हाईत हाय का?"

"अहो इराप्पा, आईंना सरप्राईज द्यायचंय," शैला म्हणाली.

"म्हंजे काय, बाई?"

"म्हणजे न सांगता काम करायचं."

"न सांगता काम तर चोर करतोय," इराप्पा म्हणाला आणि सगळ्यांत आधी तोच हसला. "बरं. उंबरे शेवटाला काढू. तवर इचारून ठेवा."

भिंत पडली. कमान उभी राहिली. सनमायकाची शोकेस आली, तिच्यात शैलानं लग्नात आलेल्या बाहुल्या आणि काचेचे ग्लास मांडले. छताजवळ लाकडी पट्टी मारून तिच्यामागं ट्यूब दडवली, म्हणजे दिवा दिसायचा नाही आणि उजेड मात्र पडायचा. तळ्याचा कागद कोल्हापूरहून आणला. पिवळी झाडं, निळं पाणी, मागं बर्फाचे डोंगर. जानेवारी संपता संपता उंबरेही गेले आणि तिथली फरशी घोटून झाली.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी कुमुद आईला घेऊन आली. बरोबर वृषाली होती, तिसरीतली. दारात शैलानं रांगोळी काढली होती. आमचा मुलगा पराग टाळ्या पिटत होता.

"थांबा, आधी आईंना येऊ दे," शैला म्हणाली.

आई पायरी चढली. उजवं पाऊल नेहमीच्या उंचीवर उचललं आणि टाकलं. ते तिच्या अंदाजापेक्षा खाली गेलं. नव्या फरशीवर धप्पकन आवाज झाला. तिचे दात एकमेकांवर आपटलेले मला ऐकू आले.

"उंबरा?" ती म्हणाली.

"काढला, आई! आता कुठंच अडखळायला नको. सगळं सपाट. ह्यांनी स्वतः नकाशा काढलाय."

आईनं कुमुदचा हात सोडला. ती पावलं मोजत पुढं निघाली. सोपा जिथं संपायचा तिथं आली, पाय उचलला, पुन्हा धप्पकन टाकला, आणि डाव्या हातानं भिंत शोधली. तिथं कमान होती. हात हवेतच राहिला.

"मन्या, कुणाच्यात आणलंस मला?"

सगळे हसले. मीही हसलो.

शैलानं तिचा हात धरून भिंतीवर टेकवला. "हे बघा, आई."

"हे काय, कापड चिकटवलंय?"

"कागद आहे. तळं आहे त्यावर. डोंगर आहेत, झाडं आहेत."

"घरात तळं? मग डास हुतील की गं."

पुन्हा हशा झाला आणि या वेळी आईसुद्धा हसली. मला हायसं वाटलं. तिला नवी खोली दाखवली, दांडी दाखवली, नळ सोडून दाखवला. "बरं हाय. चांगलं हाय," ती म्हणत होती. मग हॉलमध्ये परत आणलं तेव्हा ती खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली आणि फरशीवर तळहात फिरवू लागली. आधी जवळ, मग हात पुरेल तिथपर्यंत. फरशी कुठंच खडबडीत नव्हती.

"मन्या."

"काय, आई?"

"पत्र मिळालं न्हाई तुला?"

"कसलं पत्र?"

"अरे दादा, शैलावहिनींनी मला कळवलं होतं ना, काम काढलंय म्हणून," कुमुद म्हणाली. "ते पत्र विशूनं आईला वाचून दाखवलं. 'आईंना सांगू नका' हे वाक्यसुद्धा वाचलं बयेनं. मग आईनं तिच्याकडून तुला लिहून घेतलं, उंबरे काढू नको म्हणून. पंधरा-वीस दिवस झाले की. मिळालं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

शैला माझ्याकडे पाहत होती. मग तिनं कुमुदकडे पाहिलं. कुमुद वृषालीकडे वळली.

"विशे, पेटीत टाकलं होतंस ना?"

"टाकलं होतं."

"खरं बोल. का खेळायला पळालीस आणि कुठंतरी ठेवलंस?"

"टाकलं होतं गं! आजी होती माझ्याबरोबर. आजी, सांग ना."

आईचा हात फरशीवर थांबला.

"मला आंधळीला काय दिसतंय, बाळ," ती म्हणाली.

कुमुदनं वृषालीच्या थोबाडीत मारली. पोरगी रडली नाही. गाल धरून आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिशातून रुमाल काढला आणि शोकेसची काच पुसायला लागलो. ती स्वच्छच होती.

"मारू नगंस तिला," आई म्हणाली.

"झालं ते झालं. मी चहा टाकते," शैला म्हणाली.

कुमुद आणि वृषाली दुसऱ्या दिवशी परत गेल्या. आई पुन्हा घरभर फिरू लागली. जिथं जिथं उंबरे होते तिथं तिथं ती पाय उचलायची. पावलांचा हिशेब तिचा पक्का होता, एका वितीचाही फरक नसायचा. शैला दर वेळी म्हणायची, "आई, काही नाही हो तिथं आता."

"मला ठावं हाय. पायाला कुठं ठावं हाय?"

एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये वाचत बसलो होतो. आई माझ्यासाठी तांब्या घेऊन येत होती. मी मागितला नव्हता. मला दुपारी तहान लागते हे तिला माहीत होतं. कमानीखाली तिनं पाऊल उचललं. तांब्यातलं पाणी थोडं हिंदकळून पुढं सांडलं होतं आणि फरशी, इराप्पानं कबूल केल्याप्रमाणे, आरशासारखी होती.

खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पायाला वजन बांधलं आणि पडून राहायला सांगितलं. पाच महिने ती नव्या खोलीत पडून होती. भेटायला येणारे लोक दांडी पाहत, लागून असलेलं न्हाणीघर पाहत आणि म्हणत, "काय सोय केलीत हो आईंची! मुलगा असावा तर असा." मी मान खाली घालून उभा राहायचो. लोकांना तो माझा विनय वाटे.

मी रोज तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तिला त्यातलं फारसं काही नको असायचं, पण माझ्याशी दुसरं काय बोलायचं हा प्रश्न आम्हा दोघांनाही होता. वैशाखातल्या एका सकाळी मी वाचत असताना ती मधेच म्हणाली,

"विशूनं पत्र टाकलं हुतं."

मी थांबलो.

"पेटी भिंतीला उंच हुती. तिचा हात पुरंना. मी कमरंला धरून उचलली तिला. झाकण वाजलं. आत पडल्यालं बी ऐकलं मी."

"मग पोस्टात गहाळ झालं असेल."

आईनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तू 'कसलं पत्र' म्हणालास तवाच कळलं मला. ल्हानपणी साखर खाल्लीस की असंच इचारायचास. कसली साखर."

मी वर्तमानपत्राची घडी घालून ते मांडीवर ठेवलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्यांम्होरं? बायकूम्होरं?" ती म्हणाली. "जल्मात पयल्यांदा कायतरी हातानं केलं हुतंस. कवतिक चाललं हुतं तुझं. माझ्या तोंडातनं निघंना. पोरीनं मार खाल्ला माझ्यापायी." तिनं चादरीवरून हात पुढं केला आणि माझं मनगट शोधलं. "तिला सांग, मन्या. कुमीला बी सांग. मी सांगायचं न्हवं हे. तुझ्या तोंडानं सांग."

"सांगतो."

"कवा?"

"येतील तेव्हा."

"बरं. वाच फुडं."

त्यानंतर कुमुद आणि वृषाली तीनदा आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आषाढ होता आणि आईला भेटायला म्हणून नव्हत्या आल्या. तिला पोहोचवायला आल्या होत्या.

पत्र मला मिळालं होतं. घराचं काम चालू होतं म्हणून पोस्टमनला टपाल कॉलेजवर द्यायला सांगितलेलं होतं. एका शनिवारी दुपारी ते माझ्या टेबलावर आलं, आणि मी सोडून दुसऱ्या कुणीही ते पाहिलं नाही. निळं आंतरदेशीय पत्र, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, अक्षरं मोठी :

"प्रिय मामा, आजी सांगते तसं लिहिते. मन्या भिंती पाड नाहीतर रंगव, मला काय त्याचं. पण उंबऱ्यांना हात लावू नको. बाहेरचा दगडी आहे तो गार लागतो. मधला लाकडी आहे तो मधे झिजलाय. आतल्याला पितळी पट्टी आहे. पाय ठेवला की मला कळतं मी कुठं आहे. ते काढलेस तर मी घरात हरवीन. उत्तर लगेच पाठव. आजीचं संपलं. मला चाचणीत पहिला नंबर मिळाला. तुमची वृषाली."

तिन्ही उंबरे तेव्हा जागेवर होते. इराप्पा ते सोमवारी काढणार होता. माझ्याकडे पूर्ण दीड दिवस होता.

मी पत्र दोनदा वाचलं. समोर ते पुस्तक उघडं होतं, आकृतीत एक म्हातारी सपाट दारातून हसत चालली होती. माझ्या मनात आलं ते असं, की आईनं हे प्रकरण वाचलेलं नाही. आणखी काही आलं नाही. आता आठवून पाहतो, काही बरं सापडतं का म्हणून. सापडत नाही. मी पत्र त्या पुस्तकात ठेवलं, पुस्तक बंद केलं आणि घरी गेलो.

सोमवारी इराप्पानं विचारलं, "मोठ्या बाईंचा काय निरोप, सर?"

"त्यांची काही हरकत नाही," मी म्हणालो.

त्यानं तिन्ही उंबऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, बाहेरच्या दगडावर नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आधी माझ्या हातावर ठेवला आणि मग पहार उचलली.

आई गेल्यावर घरात काही बदललं असं नाही. फक्त दुपारी, जेवणं आवरली की, कमानीच्या बाजूनं आवाज यायचा. अनवाणी पाऊल, थांबणं, मग धप्प. रोज नाही. मी स्वतःला समजावत असे की भिंत पाडल्यामुळं घराचा भार बदललाय, लाकूड आवाज करतं. एकदा शैला विणता विणता थांबली.

"तुम्हाला ऐकू येतं का हो?"

"काय?"

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "काही नाही," म्हणाली आणि सुया चालू केल्या. पुढच्या वर्षी तिनं तळ्याचा कागद खरवडून काढला आणि साधा पांढरा रंग दिला. का, ते मी विचारलं नाही. ती गेल्याला आता नऊ वर्षं झाली.

वृषालीच्या लग्नात मी अक्षतांच्या ताटाजवळ उभा होतो. कुणीतरी ताट तिच्या हाती देत होतं, तर कुमुद ओरडली, "विशूकडे देऊ नका, वाटेत कुठंतरी ठेवून येईल!" मांडवात हशा झाला. घरात तो विनोदच होऊन बसला होता. नवरी मुंडावळ्यांच्या आडून हसली आणि हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही हसलो होतो.

या वर्षी माझे गुडघे अगदीच गेले. परागनं घर नव्यानं करायचं काढलं. हल्ली भिंतींना फिकट राखाडी रंग देतात म्हणे, आणि ओलं झालं तरी घसरायचं नाही अशा खरबरीत फरशा मिळतात. तो वही घेऊन माझ्यासमोर बसला.

"बाबा, तुम्हाला काय काय हवं ते सांगा. दांडी कुठं, पलंग कुठं, कपाटाची उंची केवढी. तुम्हाला विचारल्याशिवाय मी काहीही तोडणार नाही."

मला त्याच्यासमोर बसवेना. "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणून मी आत गेलो. त्याला वाटलं मी रागावलो.

मोझॅक उखडायला दोन कामगार आले. कमानीखालची फरशी निघाली तेव्हा तिच्याखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टीचभर रुंदीचा पट्टा दिसला, वेगळ्या रंगाच्या सिमेंटनं बुजवलेला. मी काठी टेकत तिथं जाऊन उभा राहिलो. पोरगेल्या कामगारानं मशीन बंद केलं.

"आजोबा, हितं काय हुतं?"

"उंबरा."

"मग काढला कशाला?"

"माझ्या आईनं काढू नको म्हणून पत्र पाठवलं होतं," मी म्हणालो. "ते मला मिळालं होतं. मिळालं नाही म्हणून सांगितलं मी."

हे वाक्य मी तोपर्यंत कधीही तोंडातून काढलेलं नव्हतं. त्या मुलानं चेहऱ्यावरचा रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "जरा बाजूला व्हा, आजोबा. धूळ उडंल."

मी बाजूला झालो, निवृत्त होताना त्या पुस्तकातून काढून आणलेलं निळं पत्र कपाटाच्या तळातून बाहेर काढलं आणि त्याच दुपारी लिहायला बसलो.

"चि. सौ. वृषालीस अनेक आशीर्वाद. तुझी आठवण बरोबर आहे. तू पत्र टाकलं होतंस आणि ते मला उंबरे काढण्याआधीच्या शनिवारी मिळालं होतं. मी खोटं बोललो. आजीला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुला आणि तुझ्या आईला सांग, असं तिनं मला मरणापूर्वी सांगितलं होतं, तेही मी केलं नाही. आजीचं पत्र सोबत पाठवत आहे. तुझी आई तुला ओळखेल त्या दिवशी तिला दोन्ही पत्रं वाचून दाखव. तिनं नाही ओळखलं तरी दाखव. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. तुझा मामा, मनोहर."

परागला मी काही सांगितलं नाही. रिक्षा करून पोस्टात गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी होती, तिनं पाकीट काट्यावर ठेवलं.

"आत काय आहे, काका?"

"दोन पत्रं."

"पोचपावती हवी का? म्हणजे घेणाऱ्याची सही तुमच्याकडे परत येते. मग उद्या मिळालंच नाही असं कुणी म्हणू शकत नाही."

मागं रांग होती. कुणीतरी खाकरलं.

"नको," मी म्हणालो. "तिला म्हणायचं असेल तर म्हणू दे."

मुलीनं मान वर करून पाहिलं, मग पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.